न दुखणारा डोळा

उर्वीचं बोट आजीच्या डोळ्यात गेलं आणि आजी बोलतच राहिली.

हेमांगीने ते समोरून पाहिलं. डोंबिवलीच्या सासरच्या घरी, हॉलमधल्या दिवाणावर बसून ती लेकीच्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. सासूबाई, मंदाकिनीबाई, खिडकीजवळच्या खुर्चीत सव्वा वर्षाच्या उर्वीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कोणाला काय बोललं ते रंगवून सांगत होत्या. उर्वीने आधी आजीची कुडी ओढली, मग नाक पकडलं, आणि मग तिचं बोट सरळ डाव्या डोळ्यात, अगदी बुबुळावर. पापणी मिटली नाही. हात वर आला नाही. मान तसूभरही मागे गेली नाही. उर्वीने बोट काढून तोंडात घातलं आणि मंदाकिनीबाईंनी वाक्य पुरं केलं, "...तर चेअरमन म्हणतात, गच्चीची किल्ली माझ्याकडे नाहीच मुळी."

हेमांगीच्या हातातला फ्रॉक अर्धा दुमडलेलाच राहिला.

"आई, तिने डोळ्यात बोट घातलं तुमच्या."

"कधी?"

"आत्ता. आत्ता तुम्ही बोलत होतात तेव्हा."

"काहीतरीच. मला कळलं नसतं का?" मंदाकिनीबाई हसल्या. "तुला ना हेमांगी, सगळीकडे काहीतरी दिसतं. परवा तिच्या खोकल्यात शिट्टी ऐकू आली तुला."

हे खरं होतं. आई झाल्यापासून हेमांगीचे कान आणि डोळे मिटायचे विसरले होते. नवरा संदेश तर तिला 'घरचा सीसीटीव्ही' म्हणायचा. पण शिट्टी ऐकू येणं वेगळं आणि उघड्या डोळ्यावर बोट टेकलेलं दिसणं वेगळं. तिला स्वतःच्याच डोळ्यात काहीतरी खुपल्यासारखं झालं.

त्या डाव्या डोळ्यासाठीच तर ती घोडबंदर रोडचं घर सोडून आठवडाभराची बॅग घेऊन इथे आली होती. मंदाकिनीबाईंचा मोतीबिंदू चांगला पिकला होता आणि परवा सकाळी कल्याणच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं होतं. ते झालं, की थोड्या दिवसांनी सासूबाई घोडबंदरला येणार, उर्वीला सांभाळणार आणि हेमांगी पुन्हा ऑफिसला जाणार, असं सगळं जुळून आलं होतं.

संध्याकाळी मंदाकिनीबाई कांदा चिरायला बसल्या. हेमांगी कणीक मळायच्या निमित्ताने समोर उभी राहिली. कांदा झणझणीत होता. उजव्या डोळ्यातून घळाघळा पाणी येत होतं, मंदाकिनीबाई मनगटाने ते पुसत होत्या. डावा डोळा जत्रेतल्या बाहुलीसारखा टक्क उघडा. कोरडा. हेमांगी मोजत नव्हती, पण उजवी पापणी पूर्ण मिटायची आणि डावी अर्ध्यावरून परत फिरायची, एवढं तिला स्पष्ट दिसलं.

तिने बाल्कनीत जाऊन संदेशला फोन लावला.

"अगं, लागलं नाही ना? मग चांगलंच आहे की," तो म्हणाला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तो नेहमीप्रमाणे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला होता. "आधी केवढा दुखायचा तिचा तो डोळा. आता नाही दुखत."

"आधी म्हणजे कधी?"

पलीकडे फक्त हॉर्न.

"संदेश, आधी म्हणजे कधी दुखायचा?"

"फोन स्पीकरवर आहे का?"

"नाही."

"आई जवळ आहे?"

"नाही रे. काय झालं होतं आईंना?"

"बाबांना विचार," तो म्हणाला. "मी नाही सांगणार. म्हणजे सांगितलं असतं, पण तू त्या घरात उभी आहेस."

हेमांगीला काही म्हणजे काही कळेना. ती आत आली, तर सासरे, प्रभाकरराव, पेपर चाळत होते. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात आयुष्य काढलेला, शास्त्रीय भाषेत बोलणारा माणूस. तिने हळूच विचारलं, "बाबा, आईंच्या डोळ्याला काय झालं होतं?" त्यांनी पेपर खाली ठेवला, स्वयंपाकघराकडे पाहिलं, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "चल, दूध आणू."

दूध सकाळीच आलेलं होतं. ते जिन्यात दोन मजल्यांच्या मधल्या चौकात थांबले.

"इथे बोललेलं चालतं," ते म्हणाले. "जिना काही घरात धरत नाहीत."

"बाबा, मला भीती वाटायला लागली आता."

"नागीण झाली होती तिला."

एवढं बोलून त्यांनी वरच्या दाराकडे पाहिलं, जणू दार ऐकत होतं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. हेमांगी बाळंतपणाला माहेरी होती तेव्हाची. मंदाकिनीबाईंच्या डाव्या कपाळावर फोड उठले, बरोबर अर्ध्या कपाळावर, मधली रेघ न ओलांडता; भुवईवर, पापणीवर, खाली नाकाच्या शेंड्यापर्यंत. डोळा सुजून बंद झाला. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणाले. गोळ्यांनी पोटात आग पडते म्हणून चार दिवसांत सोडल्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं राहिलं. कोणीतरी काळुरामचं नाव सांगितलं. कल्याणच्या पुढे गावात राहणारा, नागीण बांधणारा. त्याने गेरू लावला, मंत्र घातला आणि बजावून गेला, की ज्या घरात ती बांधली त्या घरात, आणि जिला झाली तिच्यासमोर, पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की ती सुटते.

"तुमचा विश्वास आहे ह्याच्यावर?" हेमांगीने विचारलं.

"माझी चुलती गावाला ह्यातच गेली. सगळं गाव म्हणत होतं, तोंड शेपटीला मिळालं. विश्वासाचं तू सोड. गेरू लावला त्या दिवशी हिला पहिल्यांदा घास गेला." प्रभाकररावांनी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. "कपाळ भरून आलं. डोळा मात्र कितीतरी दिवस लाल. सुया टोचल्यासारखा ठणकायचा. आणि मग एक दिवस थांबलाच. अगदी काही नाही. आम्ही देवीला नारळ दिला."

ज्या दिवशी डोळ्याला कळायचं बंद झालं, त्या दिवशी ह्यांनी नारळ दिला होता.

"म्हणून त्या बारशाला आल्या नाहीत?"

"तू रुसली होतीस, माहीत आहे आम्हाला. तुझ्या आईनेही टोमणा मारला होता." ते ओशाळं हसले. "हीच म्हणाली, लेकराच्या अंगावर माझा वारासुद्धा नको. आणि तुला सांगायचं नाही, ओल्या बाळंतिणीचं दूध आटेल काळजीने."

सव्वा वर्ष हेमांगीने ती अढी मनात जपली होती. पहिल्या नातीच्या बारशाला सासू आली नाही, 'उष्णता उठली' म्हणून निरोप पाठवला. माहेरच्या बायकांनी डोळ्यांनी एकमेकींना काय ते सांगितलं होतं. आता ती जिन्याच्या पायरीवरच बसली.

मग तिला दुसरं आठवलं आणि ती उठून उभी राहिली.

"बाबा, हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं होतं. बुबुळावर डाग कसला म्हणून. आई म्हणाल्या, लहानपणी भाताचं कुसळ गेलं होतं."

"हो."

"तुम्ही शेजारी बसला होतात."

"ती समोर होती ना," प्रभाकरराव म्हणाले. "तिच्यासमोर कसं बोलू? ऑपरेशन होऊ दे व्यवस्थित, मग सांगू डॉक्टरांना. हवं तर मी फोन करून सांगेन, गॅलरीतून."

दुसऱ्या दिवशी हेमांगीने हॉस्पिटलात फोन लावून पाहिला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम थिएटरमध्ये आहेत, उद्या लवकर या, काय ते समोर बोला. प्रभाकररावांनी फोन करतो करतो म्हणत दिवस घालवला. संदेश रजा टाकून उर्वीला सांभाळायला आला आणि आईची बॅग भरता भरता बायकोच्या कानाशी लागला, "डॉक्टरना बाजूला घे हं. तिच्या तोंडावर नको. शी विल फ्रीक आउट."

हेमांगी ठरवूनच निघाली होती की बाजूला घ्यायचं. पण तिघांची रिक्षा कल्याणला पोचेपर्यंत हॉस्पिटल भरून गेलेलं. मंदाकिनीबाईंना आत घेतलं, हिरवा गाऊन चढवला, डोक्याला टोपी घातली, डाव्या भुवईच्या वर खुणेची चिकटपट्टी लावली. डॉक्टर कारखानीसबाई लगबगीने आल्या, हसल्या, "काय मंदाकिनीताई, तयार?" म्हणाल्या आणि नर्सला थेंब घालायची खूण केली. बाजूला घ्यायला तिथे बाजूच नव्हती. एक पडदा, एक खाट आणि खाटेवर बसलेल्या सासूबाई.

"डॉक्टर, थांबा," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आईंना ह्या डोळ्यावर नागीण झाली होती. कुसळ नव्हतं ते."

मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. भर पंगतीत कोणी ताटात थुंकावं तसं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. त्यांनी चादरीची कड मुठीत धरली.

डॉक्टरांचं हसू गेलं. "कधी?"

"सव्वा वर्ष होऊन गेलं."

"आणि हे मला आज सांगताय. टोपी घातल्यावर." त्यांनी नर्सच्या हातातली बाटली बाजूला ठेवायला लावली. "मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं."

त्यांनी कापसाचं एक बारीक टोक ओढून काढलं आणि मंदाकिनीबाईंना समोर बघायला सांगितलं. बाजूने आणून ते टोक उजव्या बुबुळाला जेमतेम टेकवलं. पापणी फटकन मिटली, मान मागे गेली. मग डाव्याला टेकवलं. काही नाही. डॉक्टरांनी ते टोक बुबुळावरून चक्क फिरवलं. मंदाकिनीबाई समोर बघत राहिल्या, फोटो काढून घेताना बसतात तशा.

"लावा की," त्या म्हणाल्या.

"लावलं, ताई."

उजव्या डोळ्यातून एक थेंब ओघळून मंदाकिनीबाईंच्या ओठापर्यंत आला आणि त्यांनी तो पुसला नाही.

डॉक्टरांनी डोळ्यात केशरी रंग सोडला, त्यांना यंत्रापुढे बसवलं, निळा दिवा लावला आणि हेमांगीला बाजूच्या पडद्यावर बघायला सांगितलं. मोठ्या केलेल्या डोळ्यावर एक हिरवीगार रेघ चमकत होती. कोरीव, अर्धवट वळलेली, द्वितीयेच्या चंद्रासारखी.

"हे ताजं आहे. काय लागलं?"

"माझ्या मुलीचं नख," हेमांगी म्हणाली. "परवा."

"परवा. आणि ह्यांना कळलं नाही."

"नाही कळलं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "मी म्हटलं, ही उगाच बोलते."

कारखानीसबाईंनी खुर्ची ओढली. त्यांना घाई होती, बाहेर माणसं खोळंबली होती, तरी त्या बसल्या. नागीण कातडीवरून जाते, पण ती ज्या नसेतून येते त्या नसेत मुक्काम करून राहते, त्या म्हणाल्या. तुमच्या डोळ्याची ती नस मेल्यात जमा आहे. डोळा दुखत नाही म्हणजे बरा झाला नव्हे. दाराची बेल बंद पडली आहे. आत कोणी शिरलं तरी घराला पत्ता नाही. पापणी लवत नाही, म्हणून बुबुळ सुकतं. जखम होते ती कळत नाही, कळली नाही की भरत नाही. शिवाय आत अजून थोडी सूज धुमसते आहे.

"आज ऑपरेशन केलं असतं तर?" हेमांगीने विचारलं.

"सूज भडकली असती. मी दिलेला छेद कदाचित भरला नसता. आणि ह्यांना दुखलं नसतं, म्हणून तुम्ही आठ दिवस निवांत राहिला असतात."

"डोळा गेला असता?"

"जाऊ शकला असता."

टोपी काढली. चिकटपट्टी काढली. केस ओढले गेले, तेव्हा मंदाकिनीबाई "स्स" म्हणाल्या. कपाळाला तरी थोडं कळत होतं. घरी जाताना रिक्षात प्रभाकरराव पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले. मागे दोघी. पत्रीपुलाजवळ रिक्षा थांबली तेव्हा मंदाकिनीबाई म्हणाल्या, "माझ्या तोंडावर नाव घेतलंस."

"घेतलं."

"एवढ्या वर्षांत ह्यांनी कधी माझा शब्द मोडला नाही. तू एका मिनिटात मोडलास."

"आई, डोळा गेला असता."

"डोळा माझा होता," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या.

नखाची ती जखम भरेना. कृत्रिम अश्रूंचे थेंब झाले, मलम झालं, बुबुळावर बसवायचं मऊ भिंग झालं. दर तपासणीला तो निळा दिवा लागायचा आणि हिरवी रेघ रुंद झालेली दिसायची. मग एका सकाळी डोळा लालभडक झाला. आतली सूज उसळली होती, डोळ्याचा दाब वाढला होता, आणि मंदाकिनीबाई आरशात तो अंगार बघून म्हणाल्या, "दुखत तर काहीच नाही." शेवटी कारखानीसबाईंनी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात वरची आणि खालची पापणी टाके घालून एकमेकींना शिवली. अर्धी झाकलेली राहिली तरच जखम भरेल, म्हणाल्या. टाके घालून सासूबाई बाहेर आल्या. उसवलेला खिसा शिवावा तसा डोळा शिवलेला.

"बघ," मंदाकिनीबाई तिला म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "सुटली."

हेमांगी केमिस्ट्रीची पदवीधर. नाव घेतल्याने काही सुटत नाही हे तिला दोन अधिक दोन चार इतकं पक्कं ठाऊक होतं. पण त्या क्षणी तिच्या मनाने मुकाट्याने हिशेब केला: सव्वा वर्ष कोणी नाव घेतलं नाही, डोळा शांत होता, मी घेतलं, डोळा पेटला. आपण हा हिशेब केला, ह्याचाच तिला जबर धक्का बसला. आणि दुसरा हिशेब तर त्याहून सरळ होता. नख तिच्या लेकीचं होतं. ती उर्वीची नखं रोज कापायला लागली. एकदा इतकी खोल कापली, की करंगळीतून रक्त आलं आणि उर्वीने सोसायटी डोक्यावर घेतली.

ती सासूसासऱ्यांना घोडबंदरला घेऊन आली. नोकरीचं पुढे ढकललं. थेंब घालणं, मलम लावणं, झोपताना डोळ्यावर ढापण चिकटवणं, रोज उजेडात धरून डोळा बघणं, हे सगळं तिचं झालं. मंदाकिनीबाई मान वर करून थेंब घालून घ्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. उर्वीला तर चार हात लांब ठेवायच्या. आणि गोळी घ्यायच्या नाहीत. नागिणीला आत दाबून ठेवणारी ती गोळी डॉक्टरांनी बरेच महिने घ्यायला सांगितली होती. ती उष्ण पडते, म्हणून मंदाकिनीबाई ती तुळशीच्या कुंडीत खोचायच्या. हेमांगीला ती तिथे सापडली. एक नाही, मूठभर.

ती कुंडी घेऊनच हॉलमध्ये आली. प्रभाकरराव टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज बारीक केला.

"हे काय आहे, आई?"

"तुळस आहे."

"आई."

"माझ्या पोटात आग होते त्याने. आणि आता उपयोग काय? एकदा सुटलेली गोळ्यांना ऐकते होय?"

"माझ्यामुळे सुटली ना?"

मंदाकिनीबाईंनी तिच्यावरची नजर काढून कुंडीकडे वळवली. ते होकाराहून मोठं होतं.

हेमांगीचा बांध फुटला. महिन्याभराची झोप नव्हती, डोळ्यांपुढे रात्रंदिवस ती हिरवी रेघ. "ठीक आहे," ती म्हणाली. "नाव मी घेतलं. नख माझ्या मुलीचं. मग सुटली असेल तर माझ्यावर येऊ दे. मी घेते अंगावर. माझा डोळा जाऊ दे. तुम्ही फक्त..."

"गप," मंदाकिनीबाई ताडकन उठल्या. चेहरा पांढराफटक. "लेकुरवाळ्या बाईने असलं बोलू नये. तिन्हीसांजेला तर नाहीच नाही. वास्तू तथास्तु म्हणते. थुंक आधी."

"नाही थुंकत. गोळी घ्या."

"हेमांगी, थुंक म्हणते ना. अहो, सांगा हिला काहीतरी."

"थुंकून टाक गं," प्रभाकरराव घाबरून म्हणाले.

"गोळी," हेमांगी म्हणाली.

मंदाकिनीबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा आतल्या खोलीत झोपलेल्या नातीच्या दाराकडे. "आण ती गोळी," त्या म्हणाल्या. "आण लवकर. आणि पाणी भरपूर आण. मी गिळते आहे तोवर तू थुंकून ये बेसिनमध्ये. तीनदा."

हेमांगी गेली आणि थुंकली. तीनदा. केमिस्ट्रीच्या पदवीसकट.

त्या दिवसापासून मंदाकिनीबाईंनी एक गोळी चुकवली नाही. पोटातल्या आगीवर डॉक्टरांनी वेगळं औषध लिहून दिलं. विचारलं असतं तर ते आधीच मिळालं असतं. गोळी घेताना त्या सुनेला समोर उभी करायच्या, जणू पथ्य तिचं होतं. जखम हळूहळू भरली, मागे दुधाळ डाग ठेवून. टाके सोडवले. सूज ओसरली, दाब उतरला, तरी कारखानीसबाई घाई करेनात. डोळा कित्येक महिने असाच थंड राहिला पाहिजे, मध्ये एकदा जरी लाल झाला तरी पहिल्यापासून मोजायचं, असं त्यांनी बजावलं. गणपती गेले, दिवाळी गेली. तो डोळा आपणहून काही सांगणार नाही हे मंदाकिनीबाईंना आता पटलं होतं, म्हणून सकाळी उठलं की त्या आधी आरशापुढे जायच्या आणि उजव्या डोळ्याने डाव्याची झडती घ्यायच्या.

"लाल आहे का गं?" त्या विचारायच्या.

"नाही, आई."

"नीट बघ. तुझी नजर कावळ्याची आहे, म्हणून विचारते."

ऑपरेशन झालं. आधी काही दिवस गोळी वाढवली, नंतरही चालू ठेवली. तो अर्धा तास हेमांगी बाहेरच्या बाकावर कशी बसली ते तिचं तिलाच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला चौघं कल्याणला आली. उर्वी संदेशपाशी घरी होती आणि चौथी डोंबिवलीची शेजारीण लक्ष्मीमावशी होती, सोसायटीत बातमी पोचवायला. मंदाकिनीबाईंनी आवर्जून नवी साडी नेसली होती. दिवाळीत त्यांनी स्वतः निवडलेली, बारीक जरीची.

पट्टी निघाली. कारखानीसबाईंनी निळा दिवा लावून बघितलं, मान डोलावली. "डाग आहे त्यामुळे थोडं धुकं राहणार, ताई. ते मी आधीच सांगितलं होतं. पण आत शांत आहे. आता समोर बघा."

मंदाकिनीबाईंनी समोर बघितलं. समोर अक्षरांचा तक्ता होता, पण त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग उजवा डोळा तळव्याने झाकला. मग डावा. मग पुन्हा उजवा. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"काय झालं? दिसत नाही?" हेमांगीने वाकून विचारलं.

"भिंत पांढरी आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"हो."

"ह्याने पांढरी दिसते. धुरकट, पण पांढरी. आणि ह्याने," त्यांनी हात बदलला, "ह्याने पिवळी. जुन्या साबणासारखी. मग हा चांगला डोळा इतके दिवस मला काय दाखवत होता?"

"त्यातही मोतीबिंदू सुरू झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "हळूहळू होतो, म्हणून कळत नाही. त्याचंही करू, घाई नाही. आणि हो, डाव्याचे थेंब, गोळी, तपासणी, हे सुटणार नाही हं. हा डोळा आयुष्यभर राखायचा डोळा आहे."

मंदाकिनीबाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी मान खाली घातली होती आणि मांडीवरच्या पदराकडे त्या डाव्या डोळ्याने बघत होत्या. पदर उचलला, उजेडात धरला. जरीची कड बाजूला केली.

"ही साडी पांढरी आहे," त्या म्हणाल्या.

कोणी बोललं नाही.

"मी मोतिया म्हणून घेतली. हळदीकुंकवाला नेसले. लक्ष्मी, तुझ्याकडे आले होते मी ह्या साडीत. पांढरंफटक नेसून, नवरा जिवंत असताना." त्यांनी एकेकाकडे वळून पाहिलं. "अहो, तुम्ही?"

"मला वाटलं तुला पांढरीच हवी आहे," प्रभाकरराव म्हणाले. "तू इतकी खूश होतीस."

"आणि सगळ्या बायका? एकीचं तोंड उघडलं नाही?"

लक्ष्मीमावशीने घसा खाकरला. "दुकानात नवीन फॅशन आली असेल म्हटलं."

मंदाकिनीबाईंची नजर फिरत फिरत सुनेवर आली. डाव्या डोळ्याची पापणी अजूनही आळशासारखी अर्ध्यावर थांबत होती, पण ती नजर नेमकी हेमांगीच्या चेहऱ्यावर येऊन टेकली आणि तिथेच राहिली.

"ह्यांचं सोड," त्या म्हणाल्या. "तू का गप्प बसलीस? तुला तर बोलता येतं."